कोरियन लाट आणि पडद्याच्या तळाची ओळ

दक्षिण कोरियाची गाणी, मालिका आणि चित्रपट जगभर कसे पसरले, या प्रश्नाचे उत्तर आता सर्वांना पाठ झाले आहे : समाजमाध्यमांमुळे. उत्तर खोटे नाही. पण पत्र टपाल खात्याने लिहिले असे म्हणण्यासारखे ते आहे.

'हाल्यू', म्हणजे कोरियन लाट, हा शब्द चिनी वृत्तपत्रांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केला. 'विंटर सोनाटा' ही २००२ सालची मालिका पुढच्याच वर्षी जपानी दूरचित्रवाणीवर गेली आणि तिथल्या प्रौढ स्त्रीवर्गाला तिने वेड लावले. आपल्याकडे मणिपुरात २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, तेव्हा ती पोकळी 'अरिरांग' वाहिनीने आणि बाजारातल्या कोरियन तबकड्यांनी भरून काढली. यूट्यूब निघाले ते २००५ साली. तेव्हा माध्यमांनी केले ते इतकेच, की आधीपासूनच उठलेल्या लाटेला अफाट वेग दिला. त्या वेगात काय पोहोचले आणि काय वाटेत गळाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. साहित्याच्या वाचकाला तोच महत्त्वाचा वाटावा, असे आम्हांस वाटते.

साय या गायकाचे 'गंगनम स्टाइल' जुलै २०१२ मध्ये आले आणि त्याच डिसेंबरात शंभर कोटी वेळा पाहिले गेले. दोन वर्षांनी तो आकडा सुमारे २१४ कोटींच्या पुढे गेला, तेव्हा यूट्यूबला आपला गणकच बदलावा लागला. इतकी मोठी संख्या कधी मोजावी लागेल, हे त्याच्या कर्त्यांनी गृहीत धरले नव्हते. गाणे आहे सोल शहरातील गंगनम या धनिक वस्तीच्या दिखाऊपणाची टवाळी. जगाने त्यातला घोडेस्वारीचा नाच तेवढा उचलला. टवाळी कोणाची चालली आहे, हे विचारण्याचे कोणाला कारणच पडले नाही. प्रसाराची ही एक जात.

दुसरी जात अधिक शांतपणे वाढली, आणि आमच्या मते लाटेचे खरे बळ तिच्यात होते. ती म्हणजे पडद्याच्या तळाशी उमटणारी उपशीर्षकाची ओळ. २००७ साली सुरू झालेल्या 'विकी' या संकेतस्थळावर कोरियन मालिकांची उपशीर्षके प्रेक्षकच वाटून घेऊन तयार करीत : एकजण संवादाचे तुकडे पाडी, दुसरा अनुवाद करी, तिसरा तपासून घेई. पैसा कोणालाच मिळत नसे. या हौशी मंडळींनी एक लक्षणीय गोष्ट केली. जो शब्द इंग्रजीत जात नाही तो त्यांनी तसाच ठेवला आणि त्याचा अर्थ टिपेत दिला. 'ओप्पा' म्हणजे स्त्रीने थोरल्या भावाला, आणि लाडाने प्रियकरालाही, घातलेली हाक, हे जगभरच्या मुलींना कोणत्याही शब्दकोशाआधी अशा टिपांतून कळले. (ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात तो शब्द कोरियन मुळाच्या आणखी पंचवीस शब्दांसोबत आला तो २०२१ साली.) टीका या शब्दाचा आपल्याकडील जुना अर्थ घेतला, तर ही टीकाच होय, मूळ ग्रंथाशेजारी बसून तो उलगडून सांगणारी.

बीटीएस या सात तरुणांच्या चमूचे यशही याच वाटेने आले. २०१३ साली एका लहान कंपनीने त्यांना पुढे आणले. मोठ्या वाहिन्यांचे दार सहज उघडत नसल्याने ट्विटर आणि लहानमोठ्या चित्रफिती हाच त्यांचा रंगमंच झाला. त्यांचा शब्द बाहेर पडताच काही मिनिटांत त्याचा अनुवाद करणारे चाहते ठिकठिकाणी जागे असत. २०१८ साली त्यांचा कोरियन गीतसंग्रह अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला आला, तो या अदृश्य दुभाष्यांच्या खांद्यावर बसून. अर्थात या गर्दीला संतपद देण्याचे कारण नाही. एकच गाणे रात्रभर लावून ठेवून आकडा फुगवण्याचा उद्योग हीच गर्दी करते, आणि त्याला रसिकता म्हणणे आम्हांला जमणार नाही.

यश आले आणि भाषा पातळ होऊ लागली. २०२० साली बीटीएसचे पहिले गाणे अमेरिकेच्या एकल-गीतांच्या यादीत अग्रस्थानी गेले, ते संपूर्ण इंग्रजी 'डायनामाइट'. काही महिन्यांतच मुख्यत्वे कोरियन असलेले 'लाइफ गोज ऑन' हे गाणेही तेथे पोहोचले, म्हणजे भाषा हा अडथळा नव्हता हे सिद्ध झाले. तरीही त्यांची पुढची दोन मोठी गाणी इंग्रजीतच आली. आता त्यांच्याच कंपनीने एका अमेरिकी कंपनीसह लॉस एंजेलिसमध्ये घडवलेला 'कॅट्सआय' हा चमू आहे. त्यात पदार्पणाच्या वेळी सहापैकी एकच मुलगी कोरियन होती. २०२५ सालचा 'केपॉप डेमन हंटर्स' सोलमध्ये घडतो, पण निर्मिती अमेरिकी आणि गाण्यांत इंग्रजीच अधिक. कोरियाचा चेहरा राहिला, जीभ बदलली.

पगारी अनुवाद वाईटच असतो, असे मात्र नव्हे. 'पॅरासाइट' (२०१९) मध्ये 'जापागुरी' नावाचा पदार्थ आहे : स्वस्त शेवयांची दोन वेगळी पाकिटे एकत्र शिजवायची. चित्रपटातली श्रीमंत बाई त्यात उंची गोमांस घालायला सांगते, आणि साऱ्या कथेतला वर्गभेद एका भांड्यात उतरतो. सोलमध्ये स्थायिक झालेला अनुवादक डार्सी पॅकेट याने 'रामेन' आणि 'उदोन' हे परक्यांना ठाऊक असलेले दोन शब्द जोडून 'राम-डॉन' बनवले. मूळ शब्द गेला, पण मिश्रण टिकले. हा विचारपूर्वक केलेला सौदा होता.

'स्क्विड गेम' (२०२१) च्या इंग्रजी उपशीर्षकांत तसा विचार नेहमी दिसत नाही. अली हा पाकिस्तानी मजूर (अनुपम त्रिपाठी या भारतीय नटाने ही भूमिका केली आहे) सांग-वू या सुशिक्षित कोरियनाला 'साजांगनिम' म्हणतो, म्हणजे मालक, साहेब. सांग-वू त्याला सांगतो, मला 'ह्युंग' म्हण. पुरुषाने थोरल्या भावाला म्हणायचा हा शब्द. इंग्रजी ओळीत मात्र तो त्याला आपल्या नावाने हाक मारायला सांगतो. पुढे गोट्यांच्या खेळात सांग-वू त्याला फसवून मृत्यूच्या तोंडी देतो. इंग्रजी वाचणाऱ्यापुढे एक मित्र दगा देतो. कोरियन ऐकणाऱ्यापुढे एका परक्या, निराधार माणसाला भाऊ मानून घेतलेला माणूस.

बेळगाव असो की इंदूर, पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषांत वावरणाऱ्या आम्हां मंडळींना ही गळती तत्काळ ओळखू यावी. पण आम्हीही कोरिया पाहतो तो बहुधा इंग्रजीच्या खिडकीतूनच. तिने जे गाळले ते आम्हीही गाळतो. आणि तेही अशा भाषेत, जिच्यात वयाने थोर माणसाला नुसत्या नावाने हाक मारणे आजही कानाला खटकते, आणि जिच्यात ती ओळ लिहायला टीप लागली नसती : 'मला साहेब म्हणू नकोस, दादा म्हण.'