हर्नच्या घरातली बोली आणि 'क्वाइदान'चे कर्तृत्व

लाफ्काडिओ हर्नच्या 'क्वाइदान' (1904) या कथासंग्रहाची चर्चा बहुधा पौर्वात्य गूढतेच्या अंगाने होते. या संहितेच्या मुळाशी असलेल्या भाषिक व्यवहाराकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. तो घरातला व्यवहार आहे, म्हणून गौण मानला गेला असावा.

हर्न 1890 साली जपानला गेला. मात्सुए येथील एका विपन्न सामुराई कुळातील सेत्सु हिच्याशी त्याने संसार मांडला, तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हते आणि त्याचे जपानी जुजबी होते. पुढे जपानी नागरिकत्व घेऊन तोक्योच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या या लेखकाला जुने जपानी ग्रंथ स्वतः वाचणे अखेरपर्यंत साधले नाही. दोघांनी एकमेकांची भाषा पूर्णपणे आत्मसात केली नाही, तिसरीच घडवली. 'हर्न-सानची बोली' म्हणून ती ओळखली जाते. शब्द जपानी, परंतु विभक्तिदर्शक अव्यये गळालेली आणि क्रियापदे गोठलेली. मराठीतून 'ने', 'ला', 'चा' वगळून बोलावे, तसे काहीसे. हर्न सेत्सुला काताकाना लिपीत पत्रे लिही, तीही याच बोलीत. जपानीत श्रेणीभेद क्रियापदाच्या रूपांतून व्यक्त होतो. ती रूपेच गेल्यावर पतिपत्नींमधील उतरंडही गेली असावी, असे अनुमान करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

सेत्सुच्या आठवणी (1914) या संदर्भात मोलाच्या आहेत. कथा पुस्तकातून वाचून दाखवलेली हर्नला चालत नसे. ती तिने स्वतःच्या शब्दांत, स्वतःची करून सांगावी, असा त्याचा आग्रह असे. म्हणजे जुना ग्रंथ आणि इंग्रजी कथा यांच्यामध्ये एक मौखिक कथन उभे आहे, आणि तेही व्याकरण झडलेल्या बोलीतले. मूळ संहिता व अनुवाद अशा दोनच पदांवर रचलेली आपली अनुवादमीमांसा येथे अपुरी पडते. अंध बीवावादक होइचीच्या कथेत सामुराई दार उघडण्याची आज्ञा देतो. 'दार उघडा' या अर्थाचे साधे जपानी शब्द योद्ध्याच्या तोंडी दुबळे वाटतात, म्हणून हर्नने 'काईमोन' हा भारदस्त शब्द योजला, असे सेत्सु सांगते. इंग्रजी संहितेत तो जपानी शब्दच कायम आहे. हर्नच्या नितळ इंग्रजी गद्यात दोघांच्या बैठकीचा आवाज उमटतो तो अशा एखाद्या ठिकाणीच.

आता प्रस्तावना पाहावी. हर्न तीत जुन्या जपानी ग्रंथांचे ऋण मानतो. 'युकी-ओन्ना' ही कथा मुसाशी प्रांतातील एका शेतकऱ्याने सांगितली, हेही नोंदवतो. सेत्सुचा उल्लेख नाही. एक कथा सांगणारा शेतकरी 'स्रोत' ठरतो. ग्रंथ पचवून, पुन्हा घडवून सांगणारी पत्नी ठरत नाही. हा कृतघ्नपणा होता असे म्हणणे सोपे, पण मला ते पटत नाही. ग्रंथ आणि 'लोक' यांना त्या काळच्या लोकवाङ्मय-संग्राहकाच्या चौकटीत जागा होती, संसाराला नव्हती. व्याकरणातून कदाचित निसटलेली उतरंड मुखपृष्ठावर मात्र परतली.

हर्नची आई रोझा ग्रीक होती. 1852 साली लहानग्याला घेऊन ती डब्लिनला आली, तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हते. सासरच्या त्या घरात तिसरी बोली घडली नाही. दोन वर्षांत ती परतली. पुढे तिचा विवाह रद्द ठरवण्यात आला. विवाहपत्रावर तिची सही नव्हती, हे त्याचे कारण सांगितले जाते.