हिल्मा आफ क्लिंट : साधना, स्त्रीत्व आणि अमूर्तता

अमूर्त चित्रकलेचा इतिहास सांगताना आपण आजवर कांदिन्स्की, मालेविच आणि मोंद्रियान या तीन नावांपासून आरंभ करीत आलो. स्वीडिश चित्रकर्ती हिल्मा आफ क्लिंट (१८६२–१९४४) हिची चित्रे १९८६ साली लॉस एंजेलिस येथील प्रदर्शनात रसिकांपुढे आली, २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ६ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी ती पाहिली, आणि ‘प्रथम कोण?’ हा वाद सुरू झाला. कांदिन्स्की आपल्या पहिल्या अमूर्त चित्राचे वर्ष १९११ सांगत असे. हिल्माची या जातीची चित्रे १९०६ पासूनची आहेत. स्त्रीवादी समीक्षेने या पाच वर्षांना महत्त्व द्यावे हे साहजिक आहे. परंतु अग्रक्रमाची ही मोजपट्टी मुळात पुरुषी कलेतिहासाने घडविलेली आहे. ती स्त्रीच्या हाती दिल्याने तिचे स्वरूप पालटत नाही. शिवाय त्या वादात खरा प्रश्न बाजूला राहतो : ही चित्रे ज्या उपासनेतून निपजली, त्या उपासनेचे समीक्षेने काय करावे?

हिल्माने १८८७ साली स्टॉकहोमच्या राजकीय कला अकादमीतील शिक्षण पुरे केले. निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे काढून ती चरितार्थ चालवीत असे. १८९६ पासून ती आणि तिच्या चार मैत्रिणी नियमाने एकत्र जमू लागल्या. प्रार्थना, बायबलचे वाचन, ध्यान आणि त्यानंतर अदृश्य शक्तींचे आवाहन, असा त्यांचा विधी ठरलेला होता. त्या आवाहनात हात आपोआप लिहू लागे, रेखाटू लागे. १९०६ ते १९१५ या काळात हिल्माने ‘मंदिरासाठी चित्रे’ हा १९३ चित्रांचा समूह सिद्ध केला, त्याची बीजे या बैठकांत आहेत. तिच्या विचारांवर थिऑसफीचाही प्रभाव होता. त्या संस्थेचे मुख्यालय मद्रासजवळ अड्यार येथे असल्याने आपल्याकडील वाचकाला या चित्रांत मंडल अथवा यंत्र शोधण्याचा मोह होईल. तो आवरावा हे बरे. या साधनेची बैठक प्रामुख्याने ख्रिस्ती होती.

आता अडचण अशी की, ही चित्रे कोणत्याही पूर्वरेखाटनाशिवाय आपल्यामधून थेट रंगविली गेली, असे हिल्मानेच लिहून ठेवले आहे. जिने कर्तृत्वच नाकारले, तिला स्त्रीच्या स्वातंत्र्याची प्रतिनिधी कसे मानावे? काही समीक्षक या विधानाकडे काणाडोळा करतात. काही त्याला समाजाच्या भीतीपोटी घेतलेला आडोसा समजतात. मला दोन्ही मार्ग अपुरे वाटतात. आपण आंधळेपणाने आज्ञा पाळीत नव्हतो, त्या शक्ती सतत आपल्या शेजारी उभ्या आहेत असे मानीत होतो, असाही खुलासा तिने केला आहे. मराठी व्याकरणात कर्तरी आणि कर्मणी यांपलीकडे भावे प्रयोग आहे; त्यात क्रियापद ना कर्त्याच्या अधीन असते, ना कर्माच्या. हिल्माच्या निर्मितीचे वर्णन करावयाचे तर हाच प्रयोग जवळचा वाटतो. पुरुषी कलेतिहास ज्या एकाकी, सर्वसत्ताधीश ‘कर्त्या’वर उभा आहे, त्याला येथे स्थान नाही. पाच स्त्रियांच्या सामुदायिक साधनेने जे धैर्य दिले, ते अकादमीच्या पदवीने दिले नव्हते.

त्या धैर्याचा पुरावा म्हणजे १९०७ ची ‘दहा सर्वांत मोठी’ ही चित्रमालिका. प्रत्येक चित्र ३ मीटरांहून उंच आहे. बाल्य, तारुण्य, प्रौढत्व आणि वार्धक्य अशा चार अवस्थांत ही मालिका उलगडते. बाल्याची पार्श्वभूमी निळी, तारुण्याची नारिंगी, प्रौढत्वाची जांभळट, वार्धक्याची फिकट गुलाबी. त्यांवर फुले, शंखाकृती वळणे, अक्षरे आणि सुटी वर्तुळे तरंगताना दिसतात. हिल्माने आपल्या चिन्हांचा कोशही करून ठेवला होता : निळा म्हणजे स्त्रीतत्त्व, पिवळा म्हणजे पुरुषतत्त्व, हिरवा म्हणजे दोहोंचा संगम. येथे आपला ‘अमूर्त’ हा शब्द अपुरा पडतो. वस्तूचे रूप काढून टाकणे हे तिचे उद्दिष्ट नसून, ज्याला रूप नाही त्याला मूर्त करणे हे आहे.

मात्र कोश हाती आला म्हणजे चित्र कळले, असे नव्हे. अनुवादाच्या व्यवसायात हा अनुभव नित्याचाच आहे. स्त्री आणि पुरुष यांना ठरीव रंग वाटून देणारी ही व्यवस्था तशी पारंपरिकच. तिच्यात आजचा स्त्रीवाद शोधणे व्यर्थ होय. पण ‘दहा सर्वांत मोठी’मध्ये हे रंग नेमून दिलेल्या जागी थांबत नाहीत. ते एकमेकांत शिरतात, अदलाबदल करतात. पाहणारा संकेत विसरून त्या गतीत सामील होतो. याउलट १९१७ च्या ‘अणू’ मालिकेत चौकोन आणि त्यांच्या बाजूची टिपणे यांपलीकडे फारसे काही घडत नाही. तेथे सिद्धान्त उरतो, चित्र क्षीण होते. श्रद्धा दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून श्रद्धेच्या बळावर कलाकृतीचे मोल ठरविता येत नाही, आणि श्रद्धा वगळूनही ते उमगत नाही.

आपल्या निधनानंतर २० वर्षांपर्यंत ही चित्रे दाखवू नयेत, अशी तिची सूचना होती. ज्या मंदिरासाठी ती काढली, ते उभे राहिले नाही. आज ती संग्रहालयांच्या भिंतींवर असतात आणि त्यांच्याखालच्या पाटीवर ‘अग्रदूत’ असे बिरुद असते. हे बिरुद तिला प्रचलित इतिहासात जागा देते खरे. परंतु त्या इतिहासाने एकट्या कर्त्याला जे सिंहासन दिले, त्याविषयी तिची चित्रे जो प्रश्न विचारतात, तो त्यामुळे ऐकू येईनासा होतो. स्त्रीवादी समीक्षेचे काम त्या सिंहासनावर नवी व्यक्ती बसविण्याचे नसून तो प्रश्न जागता ठेवण्याचे आहे.