मातीतील विषद्रव्यांचे मंद विमोचन : एका प्रतिमानाची मर्यादा

वू व ग्श्वेंड यांच्या १९८६ मधील प्रतिमानात मातीचा कण सच्छिद्र गोल कल्पिला असून द्रव्य बाहेर पडण्याचा वेग एकाच परिणामी विसरणांकाने ठरतो. क्लोरोबेंझिनांवरील अल्पकालीन प्रयोगांशी हे गणित चांगले जुळते. त्याची सुटसुटीत मांडणी स्पृहणीयच म्हणावी लागेल. परंतु तेवढ्यावरून दशकांचा हिशेब मांडणे धाडसाचे होय. अमेरिकेतील कनेक्टिकटच्या शेतमातीत एथिलीन डायब्रोमाइड हे (एरवी सहज उडून जाणारे) कृमिनाशक शेवटच्या वापरानंतर १९ वर्षांनीही आढळले, असे स्टाइनबर्ग, पिग्नाटेलो व सॉनी यांनी १९८७ साली दाखविले. नव्याने मिसळलेले तेच द्रव्य जंतूंनी झपाट्याने नष्ट केले. जुने मात्र त्यांच्या हाती लागले नाही, माती कुटल्यावर ते मोकळे होऊ लागले. तेव्हा ताज्या द्रव्यावरून काढलेला विसरणांक जुन्यास लावल्यास जमिनीच्या शुद्धीकरणाचा काळ वास्तवाहून फार कमी निघेल.