पेन्सिल-व्यक्तिचित्राचा आरंभ : बेटी एडवर्ड्स यांच्या अध्यापनपद्धतीचा पुनर्विचार

पेन्सिलीने व्यक्तिचित्र काढू पाहणाऱ्या नवशिक्याच्या पहिल्या कागदावर एक चूक हमखास आढळते. डोळे कपाळाच्या जागी चढलेले असतात आणि त्यांच्यावर डोके जवळजवळ उरतच नाही. वस्तुतः प्रौढ माणसाचे डोळे टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. हे नुसते सांगून विद्यार्थ्याला पटत नाही. आरशासमोर उभे करून मोजायला लावावे लागते. बेटी एडवर्ड्स यांनी ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ (१९७९) या ग्रंथात या चुकीची जी मीमांसा केली आहे, तो त्या ग्रंथाचा सर्वांत टिकाऊ भाग होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ग्रंथाची जी बाजू अधिक गाजली, ती मात्र तितकी भक्कम नाही.

एडवर्ड्स यांचे मूळ प्रतिपादन असे की, नवशिका समोरचा चेहरा काढत नाही. चेहऱ्याविषयी त्याला जे ठाऊक असते ते काढतो. डोळा म्हणजे बदाम, नाक म्हणजे दोन टिंबे, ही बालपणी ठरलेली चिन्हे हातात घट्ट बसलेली असतात. नाक-डोळे महत्त्वाचे वाटतात म्हणून ते मोठे होतात आणि कवटीचा विस्तार ‘रिकामा’ म्हणून आक्रसतो. बाजूने काढलेल्या चेहऱ्यात कान पुढे सरकतो, तोही याच कारणाने. ही सवय मोडण्यासाठी त्या चित्र उलटे ठेवून काढायला लावतात, वस्तूंमधील मोकळ्या जागांचे आकार टिपायला लावतात, कागदाकडे न पाहता बाह्यरेषा काढायला लावतात. यांतील शेवटचा पाठ किमॉन निकोलाइडिस यांच्या १९४१ मधील ग्रंथातही आहे.

या पाठांचा गुण वर्गात प्रत्ययास येतो. प्रश्न आहे तो त्यांच्यामागील उपपत्तीचा. रॉजर स्पेरी यांना मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या कार्यविशेषांवरील संशोधनासाठी १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मेंदूचे दोन भाग शस्त्रक्रियेने विलग झालेल्या रुग्णांवरील त्या निरीक्षणांतून ‘चित्रकला उजव्या मेंदूची’ असा निष्कर्ष निघत नाही. रेखाटताना दोन्ही भाग कार्यरत असतात. नंतरच्या आवृत्त्यांत खुद्द लेखिकेनेही स्थानाचा आग्रह सैल केला. शीर्षक मात्र तेच राहिले, आणि लोकांच्या लक्षात शीर्षकच राहते.

याहून महत्त्वाचा आक्षेप अध्यापनविषयक आहे. उलट्या चित्राच्या पाठासाठी एडवर्ड्स यांनी पिकासोने १९२० मध्ये केलेले स्ट्राविन्स्कीचे रेखाचित्र निवडले. विद्यार्थी ते उत्तम उतरवतो आणि हरखतो. पण त्रिमिती देहाचे सपाट रेषेत रूपांतर करण्याचे, म्हणजे खरे अवघड, काम पिकासोने आधीच उरकलेले असते. समोर जिवंत माणूस बसला की तो हलतो, बोलतो, त्याच्यावरचा प्रकाश सरकतो, आणि त्याला उलटे धरता येत नाही.

येथे व्हॅन गॉगचे उदाहरण उद्बोधक ठरते. सत्ताविसाव्या वर्षी, १८८० मध्ये, चित्रकार होण्याचे ठरवल्यावर त्याने शार्ल बार्ग यांच्या शिक्षणमालेतील चित्रांच्या नकला चिकाटीने केल्या. त्याच्या आरंभीच्या रेखाटनांत कवटी छाटली गेल्याचे एडवर्ड्स यांनीच दाखवून दिले आहे. मात्र तो नकलांवर थांबला नाही. १८८२ मध्ये हेग येथे वृद्धाश्रमातील एका म्हाताऱ्याला त्याने पुनःपुन्हा समोर बसवले. सुताराची जाड पेन्सिल वापरली; शिशाची चकाकी मारण्यासाठी कागदावर दूध फिरवले. प्रमाणासाठी दोऱ्यांची चौकटही घेतली. पण त्या चौकटीपलीकडे माणूस होता.

आजच्या नवशिक्याच्या चौकटीखाली मोबाइलमधील छायाचित्र असते. चौकोनामागून चौकोन उतरवला जातो, बोटाने शिसे घोटून गाल गुळगुळीत केले जातात, आणि साम्य येते. (आपल्याकडील एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा नाही. तेव्हा दोष एकट्या मोबाइलचा नव्हे.) भारतीय षडंगांत ‘सादृश्य’ हे एक अंग आहे, पण त्याच मालिकेत ‘प्रमाण’ आणि ‘भाव’ ही स्वतंत्र अंगे आहेत. चौकोनांच्या पद्धतीत प्रमाण आयते मिळते. ते नजरेने शोधण्याचे श्रम वाचतात, आणि नजर होती तेथेच राहते.

एका विद्यार्थिनीने आजीचे असे चित्र चार रात्री बसून केले. ते निर्दोष होते. नंतर तिला आजीसमोर वीस मिनिटे बसून, केवळ एचबी पेन्सिलीने, खोडरबर न वापरता दुसरे काढण्यास सांगितले. जबडा वाकडा आला, डोळे पुन्हा वर चढले. आजीने कागद हाती घेऊन विचारले, “माझा कान इतका पुढं कसा गं आला?” मुलीने पेन्सिल आडवी धरली, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, मग तीच पेन्सिल उभी करून डोळ्यापासून हनुवटीपर्यंतचे. दोन्ही जवळजवळ सारखी निघाली. तिने नवा कागद घेतला.