'उचल्या' : प्रांजळपणाची अपेक्षा

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाची मराठी समीक्षेने केलेली वाखाणणी बरीचशी 'प्रांजळपणा' या एका शब्दाभोवती फिरत राहिली. चोरीच्या तंत्राचे, मारहाणीचे, उपासमारीचे तपशील लेखक आडपडदा न ठेवता सांगतो, हे खरेच. परंतु कबुलीची ही अपेक्षा निरागस आहे काय?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा ही कृती न मानता जन्माचा गुणधर्म मानला. १९११ मध्ये त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली. नोंदवही, बोटांचे ठसे, हजेरी, परवाना आणि तारेच्या कुंपणातील वसाहत ही त्याची साधने. या व्यवस्थेला जमातीतील माणसाचे बोलणे हवे होते ते एकाच रूपात : कोण, कोठून आलास, कोठे चाललास, याचा जबाब म्हणून. १९५२ मध्ये कायदा रद्द होऊन 'विमुक्त' ही संज्ञा आली; सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी पाळतीचा रिवाज मात्र चालू ठेवला. प्रांजळपणाला दाद देणारा वाचक, नकळत का होईना, जबाब नोंदवणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो.

गायकवाडांची संहिता या खुर्चीला जुमानत नाही. चोरीच्या मालात वाटा मागणारा पोलीस तिच्यात आहे. सूतगिरणीतला कामगार आणि पुढे चळवळीतला कार्यकर्ता झालेला निवेदकही आहे. समीक्षेने ही पाने 'कलात्मकदृष्ट्या सैल' म्हणून घाईने उलटावीत, हे सूचक आहे. कबुली संपते तेथे आपले कुतूहलही संपते!

शीर्षकाचा प्रश्न अधिक अवघड. 'उचल्या' हे जमातीचे नाव आहे आणि रोजच्या मराठीतले सामान्यनामही. आरोप आणि ओळख यांच्यात भाषेने फटच ठेवलेली नाही. लेखक तो शब्द स्वतःहून मुखपृष्ठावर घेतो. इंग्रजी अनुवादाचे (१९९८) शीर्षक 'द ब्रँडेड' असे आहे. त्यात डाग देणारा हात सूचित होतो, हा अर्थाचा लाभ मान्य करावा लागेल. पण त्या हाताकडे बोट दाखवताना शिक्का रोज नव्याने उमटवणारी भाषा, म्हणजे आपलीच मराठी, अलगद सुटते. वासाहतिक कायद्याला दोष देऊन मोकळे होणाऱ्या आपल्या अभ्यासांतही नेमके हेच घडते. 'भामटा' हा शब्द महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही आहे, आणि आपल्या घरोघरच्या शिव्यांतही.