कोऱ्या जागेची नजाकत

स्वतःच्या सर्व्हरवर फोटो, फायली किंवा ब्लॉग चालवू पाहणाऱ्याचा घाम निघतो तो बहुधा डीएनएसच्या पानावर. ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी अशा नोंदी एका खिडकीतून उचलायच्या, दुसरीत चिकटवायच्या. एखादा आकडा चुकला की साइट उघडत नाही, नाहीतर मेल येईनाशी होते. गोडॅडीच्या पुढाकाराने आलेल्या ‘डोमेन कनेक्ट’ या खुल्या मानकाने या कटकटीवर उपाय काढला. त्याची सोय वापरताच कळते. रचनेची चव मात्र सावकाश घ्यावी अशी आहे.

या रचनेचा गाभा म्हणजे जेसनमध्ये लिहिलेला छोटासा साचा. होस्टिंग देणारी सेवा तो आधीच जाहीर करते: मूळ डोमेनला ए नोंद, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ला सीनेम. माणसागणिक बदलणारा सर्व्हरचा आयपी पत्ता तेवढा दोन टक्केचिन्हांच्या मध्ये कोरा सोडलेला असतो. बाकीचा मजकूर पक्का. सेवेला हात लावता येतो तो त्या कोऱ्या जागेलाच, आणि सगळे सौंदर्य या संकोचात आहे.

पुढचा प्रवासही तितकाच मितभाषी. डोमेनचा कारभार कोणाकडे आहे, हे सेवा एका ठरावीक टीएक्सटी नोंदीवरून ओळखते आणि मालकाला तिकडे पाठवते. मालक आपल्याच खात्यात शिरतो, होकार देतो, नोंदी बसतात. पासवर्ड सेवेच्या हाती जातच नाही. एरवी तो देणे म्हणजे एका सहीसाठी कुलमुखत्यारपत्र लिहून देणे.

घरातल्या सर्व्हरसाठी मानकाची दुसरी वाट अधिक लोभस आहे. घरच्या जोडणीचा आयपी बदलत राहतो. दर वेळी मालकाने होकार द्यायला यायचे कसे? म्हणून ओऑथद्वारे एकदाच परवानगी घेतली जाते, तीही ठरलेल्या डोमेनपुरती आणि ठरलेल्या साच्यापुरती. मग पत्ता बदलला की प्रोग्राम तोच साचा नव्याने लावतो.

उणीव एकच, पण मोठी. कोणता साचा स्वीकारायचा, हे डीएनएस सांभाळणारी कंपनी ठरवते. मोठ्या होस्टिंग सेवेचे साचे सहज घेतले जातात, हौशी प्रकल्पाला मात्र दारोदार विनंती करावी लागते. मालकाच्या होकाराला इतका मान देणारी ही रचना त्या होकाराआधी कंपनीचा होकार मागते, आणि तिथेच तिची लय तुटते.