बेने इस्राएलांचीं मराठी कीर्तनें व त्यांची शाळा : एक परीक्षण

जुन्या छापील पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या मंडळींत एक समज फार दिवसांपासून रूढ आहे. ज्या मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अब्राहाम, योसेफ किंवा मोशे यांचें नांव दिसेल, तें मिशनऱ्यांचें असें ठरवावें व बाडाच्या तळाशीं टाकावें. हा समज निराधार तर आहेच, पण त्यामुळें मराठी वाङ्मयाच्या एका शाखेची हानि होत आहे, असें आम्हांस स्पष्टपणें म्हणावयाचें आहे. कोंकणांतील बेने इस्राएल या यहुदी समाजानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या धर्मग्रंथांतील चरित्रांवर मराठी कीर्तनें रचलीं, छापलीं व साथसंगतीसह केलीं. या कीर्तनांचा विचार त्या समाजाच्या शाळेपासून वेगळा करून चालणार नाहीं. म्हणून प्रस्तुत परीक्षणांत दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत.

आरंभींच एका स्थलनामाविषयीं सावधगिरी सुचवितों. आम्ही लिहितों तें मुरुड लातुराजवळचें, बालाघाटाच्या पठारावरील. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व १९८२ सालीं लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे. दुसरें मुरुड दापोलीजवळचें, धोंडो केशव कर्वे यांचें. तिसरें जंजिऱ्याचें. बेने इस्राएलांचा संबंध आहे तो या तिसऱ्याशीं. जंजिरा संस्थानाचे कारभारीपद शालोम बापूजी इस्राएल या बेने इस्राएल गृहस्थानें सांभाळिलें होतें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. तेव्हां एखाद्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर नुसतें ‘मुरुड’ एवढेंच लिहिलेलें आढळलें, तर तें आमच्या गांवचें समजून कोणी मराठवाड्यांत यहुद्यांची वस्ती उभारूं नये. नांवाच्या साम्यावर इतिहास रचण्याची खोड आपल्याकडे आधींच पुष्कळ आहे.

हा समाज नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वांचलेल्या सात पुरुषांपासून व सात स्त्रियांपासून वाढला, अशी त्याची परंपरागत समजूत आहे. तेलाचे घाणे चालवावे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवावा, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनिवार तेली’ म्हटलें. आडनांवें गांवांवरून पडलीं : केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर, पेणकर. प्रार्थनामंदिरास ते ‘मशीद’ म्हणत. सणांचीं नांवें पाहावीं तर नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. या नांवांत हिब्रू शब्द एकहि नाहीं. धर्माचें मूळ दूर देशीं राहिलें, ग्रंथ हातीं राहिले नाहींत, पण वर्षाचें चक्र स्वयंपाकघरानें व वाडीच्या चालीरीतींनीं धरून ठेवलें. आमच्या मतें त्या समाजाच्या जुन्या इतिहासाचें सर्वांत विश्वसनीय साधन हीं सणांचीं नांवेंच होत. गलबताच्या कथेपेक्षां आम्ही त्यांस अधिक मान देतों. चौदा जणांची समुद्रांतून आलेली प्रेतें व त्यांपासून झालेली वंशवृद्धि ही कथा चित्पावनांसंबंधानेंहि सांगतात, ही गोष्ट दोन्ही कथांचें परीक्षण करतांना विसरूं नये.

ग्रंथांचें ज्ञान पुन्हां आलें तें दोन वाटांनीं. एक वाट कोचीनची. तेथील यहुदी शिक्षक व हज्जान मुंबईस व कोंकणांत आले आणि त्यांनीं प्रार्थनेचे पाठ व त्यांच्या चाली शिकविल्या. शेलोमो सालेम शुर्राबी यांचें नांव या कामीं कृतज्ञतेनें घेतलें जातें. या शिक्षणाचें स्वरूप आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. यहुद्यांच्या छापील पवित्र शास्त्रांत अक्षरांच्या वर व खालीं पठणाच्या खुणा असतात. परंतु सभेंत जी चामड्याची गुंडाळी उघडून वाचावयाची, तींत स्वरांच्याहि खुणा नसतात व चालीच्याहि नसतात. तेरा वर्षांचा मुलगा ती गुंडाळी वाचावयास उभा राहतो तो गुरुमुखानें शिकलेल्या चालीच्या आधारावर. वेदपाठशाळेंत संथा घेतलेल्या कोणासहि ही पद्धति परकी वाटणार नाहीं. बेने इस्राएल मुलाचें पहिलें संगीतशिक्षण हेंच. त्यास संगीत हें नांव कोणी दिलें नाहीं, एवढेंच.

दुसरी वाट मिशनऱ्यांची. अमेरिकन मिशननें या मुलांसाठीं मराठी शाळा काढल्या. पुढें जॉन विल्सन यांनीं मराठींतून हिब्रूचें व्याकरण लिहून १८३२ सालीं प्रसिद्ध केलें. हेतु धर्मांतराचा होता. फळ निराळें निघालें. मुलें शास्त्र वाचूं लागलीं व आपल्याच धर्मांत अधिक दृढ झालीं. १८४६ सालीं मुंबईंत वल्हांडणाच्या रात्रीचा हग्गादा मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर निघाला. १८७४ सालीं पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत दुसरा सचित्र हग्गादा छापला गेला. त्यांत बेखमीर भाकरी लाटणाऱ्या व भाजणाऱ्या स्त्रिया मराठी पद्धतीचें लुगडें नेसलेल्या आहेत. पुण्याच्या एका ब्राह्मणाच्या छापखान्यांत हिब्रू ग्रंथ छापला जावा, हा योग मुद्रणाच्या इतिहासकारांनीं अद्याप पुरेसा नोंदविलेला नाहीं. जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) हे डेव्हिड ससून यांच्या संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनीं प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें करून या कार्यास पांडित्याची जोड दिली.

या पार्श्वभूमीवर १८७५ सालीं हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं मुंबईंत इस्राएली शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनचें साहाय्य तिला मिळालें. पुढें सर एली कदूरी यांच्या देणगीमुळें तिला त्यांचें नांव पडलें. हिब्रू, मराठी व इंग्रजी या तिन्ही भाषा तेथें एकाच छपराखालीं आल्या, हें तिचें वैशिष्ट्य. केहीमकर हेच त्या समाजाचे पहिले मोठे इतिहासकार. त्यांचा इंग्रजी इतिहास १८९७ सालीं लिहून झाला व १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. त्यावर टीका करणारे बहुतेक सर्व उगमाच्या प्रश्नावर अडकून पडतात : गलबत कोणत्या शतकांत फुटलें, दावीद रहाबी केव्हां आला. केहीमकरांच्या ग्रंथाचा हा भाग सर्वांत दुबळा आहे, कारण तेथें ते समाजाचे वकील म्हणून बोलतात. बगदादी यहुद्यांनीं बेने इस्राएलांच्या शुद्धतेविषयीं शंका घ्यावी व यांनीं आपलें प्राचीनत्व सिद्ध करावें, अशा वादाच्या भरांत तीं पानें लिहिलीं गेलीं. लग्नाच्या चालीरीति, गांवांचीं नांवें, उद्योगधंदे, शिक्षण यांविषयीं ते लिहूं लागले म्हणजे मात्र लेखणी शांत होते व साक्षीदार बोलूं लागतो. ग्रंथ वाचावा तो या पानांसाठीं.

आतां कीर्तनांकडे वळूं. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल गृहस्थांनीं हिंदु कीर्तनें ऐकून तोच प्रकार आपल्या शास्त्रांतील चरित्रांसाठीं स्वीकारला. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे या रचनाकारांत प्रमुख. काळ कसा होता तें पाहावें. १८७० सालीं मुंबईंत पारशांची गायन उत्तेजक मंडळी, १८७४ सालीं पुण्यास गायन समाज, आणि १८८० च्या ३१ ऑक्टोबर रोजीं पुण्यास किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’. सुशिक्षितांनीं गाणें पुन्हां मान्य करण्याचे ते दिवस होते. प्रत्येक समाज आपल्यापरीनें गाण्यास सभ्य आसन शोधीत होता. बेने इस्राएलांनीं नाटक निवडलें नाहीं, कीर्तन निवडलें, यांत त्यांची रसिकता दिसते. प्रार्थनेंतील हिब्रू मुलांस शाळेंत शिकतां येई. स्त्रियांस व खेड्यांतील वृद्धांस तें बहुधा अगम्यच राही. त्यांस शास्त्रांतील कथा त्यांच्याच भाषेंत, ओळखीच्या साकी-दिंडींत ऐकावयास मिळाली ती कीर्तनांत. शाळेच्या भिंतीबाहेरची शाळा ती हीच.

वाङ्मय म्हणून या रचनांचें मूल्य काय? गुण प्रथम सांगतों. आर्या, साकी, दिंडी, ओवी हे सर्व प्रकार त्यांत येतात व त्यांची योजना नारदीय पद्धतीस धरून आहे. अडचण मूळ सामग्रीची होती. आपल्या कीर्तनास गणेश-शारदेच्या नमनावांचून आरंभ नाहीं आणि मूर्तीच्या वर्णनावांचून रंग नाहीं. येथें मूर्ति निषिद्ध, अवतार नाहींत, शृंगार जवळजवळ नाहीं. एकाच निराकार ईश्वरास नमन करून आख्यान लावावयाचें. अशा वेळीं कवीस दोनच आश्रय उरतात : कथेची ओढ व वियोगाचा करुण रस. योसेफाचें चरित्र या दृष्टीनें जणूं कीर्तनासाठींच घडलें आहे. बापापासून तुटलेला मुलगा, परमुलखांतील वैभव, न ओळखणारे भाऊ. बाप मुलाचा बळी देण्यास निघतो त्या अब्राहामाच्या कथेचें तर मराठी श्रोत्यास नवल वाटण्याचें कारणच नाहीं, कारण चिलया बाळाची कथा त्यानें पाळण्यांत असल्यापासून ऐकलेली असते. दोहोंतला भेद महत्त्वाचा. चिलयाच्या कथेंत उखळांत मूल कांडलें जातें व मग परत येतें. इस्हाकाच्या कथेंत सुरी वरच्यावर थांबते. एकींत देवाचा चमत्कार शेवटीं, दुसरींत देवाची आज्ञाच शेवटीं. उत्तम कीर्तनकार हा भेद गायनानें दाखवील, सामान्य कीर्तनकार दोन्ही कथा एकाच चालीवर रडवील. ईयोबाच्या बाबतींत हरिश्चंद्राचा मोह असाच आड येतो.

दोष सांगावयाचा तर भाषेचा. मराठी पवित्र शास्त्राचें भाषांतर मिशनऱ्यांच्या हातून झालेलें. त्यांतील अवघड वाक्यरचना गद्य निरूपणांत शिरण्याचा धोका या प्रकारांत नेहमींच राहतो. पद्यांत वृत्ताच्या बंधनानें मराठी वळण टिकतें, गद्यांत तें निसटतें. म्हणून या पुस्तकांची परीक्षा पद्यावरून करावी.

याहून गंभीर न्यून छापील पुस्तकांचें आहे व त्यास बेने इस्राएल कवि जबाबदार नाहींत. मराठी कीर्तनाचीं छापील पुस्तकें पदावर ‘चाल’ म्हणून एखाद्या त्या काळच्या लोकप्रिय पदाची पहिली ओळ देतात. ती चाल श्रोत्यास ठाऊक तोंवर सूचना पुरेशी. पद विसरलें गेलें कीं सूचना मुकी. हिब्रू पठणास खुणांचें शास्त्र आहे, आमच्या कीर्तनास नाहीं. पलुस्करांनीं व भातखंड्यांनीं स्वरलिपि सिद्ध केल्या त्या रागगायनासाठीं. कीर्तनकारांच्या साक्या त्यांत फारशा आल्या नाहींत. आमच्या मराठवाड्यांतहि हेंच झालें आहे. नांदेडकडील गोरट्याचे दासगणू महाराज (१८६८–१९६२) यांनीं संतचरित्रांवर कितीतरी नवीं आख्यानें रचलीं. तीं छापील मिळतात, पण त्यांची खरी लय शिष्यपरंपरेच्या गळ्यांत आहे. दासगणूंस परंपरा आहे. बेने इस्राएल कीर्तनकारांची परंपरा समुद्रापलीकडे गेली.

१९४८ च्या सुमारास सुमारें वीस हजार असलेला हा समाज पुढील दशकांत बहुतांशीं इस्राएलांत गेला. आज भारतांत थोडे हजारच उरले आहेत. मुंबईची कदूरी शाळा चालू आहे, परंतु तींत शिकणारीं मुलें आतां बहुतेक अन्य धर्मांचीं आहेत. शिक्षणसंस्था टिकली, तिच्या भोंवतींचा समाज राहिला नाहीं. गाणें मात्र अगदींच बुडालें नाहीं. इस्राएलांतील बेने इस्राएल स्त्रियांनीं मराठी गीतें जपलीं, जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहांत या समाजाचीं ध्वनिमुद्रणें आहेत, आणि अ‍ॅना शुल्ट्झ या विदुषीनें या कीर्तनांचा अभ्यास केला आहे. छापील पुस्तकांत पुरुषांचीं नांवें आणि चाली स्त्रियांच्या कंठांत, अशी ही वांटणी झाली आहे. पुस्तक हातीं असलेल्या संग्राहकानें आपल्याजवळ अर्धेंच साधन आहे हें ओळखावें.

संग्राहकांस उपयोगी पडेल अशी पारख शेवटीं नमूद करतों. ख्रिस्ती कीर्तनें निराळीं. कृष्णराव रत्नाजी सांगळे व पुढें नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं तो प्रकार वाढविला. अब्राहामाचें चरित्र त्यांतहि येऊं शकतें. मुखपृष्ठ फाटलें असल्यास प्रथम पाहावें कीं नव्या कराराचा उल्लेख अगर येशूकडे वळणारें निरूपण आहे काय. असल्यास तें पुस्तक मिशनचें. नसल्यास कर्त्याचें व आश्रयदात्याचें आडनांव पाहावें, ‘मशीद’, ‘हज्जान’, ‘काजी’ हे शब्द शोधावे, व सन कोणता दिला आहे तें तपासावें. यहुदी शक इसवी सनांत ३७६० मिळवून येतो, आणि शरद् ऋतूंतील नव्या वर्षापासून ३७६१. १८८० चें पुस्तक असल्यास ५६४० किंवा ५६४१, व शके १८०१ किंवा १८०२ असा मेळ बसला पाहिजे. समासांत पेन्सिलीनें चाल बदलल्याची किंवा ठेका लिहिल्याची नोंद असेल तर पुस्तक नव्यानें बांधतांना समास कापूं नये. आणि ‘मुरुड’ असें लिहिलेलें आढळल्यास त्याशेजारीं जंजिऱ्याचें, पेणचें किंवा अलिबागचें दुसरें नांव आहे काय तें पाहूनच नोंदवहींत जिल्हा लिहावा.